उबीनकरांचे आभार

स्वाते,

तुझ्या माणसांना मी एक थाप मारली आहे. साधीसुधी नाही, एका माणसाचा जीव घेणारी. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, आणि तू काही आता फोन उचलणार नाहीस. तसं शूटिंग चालू असलं की तू कधीच उचलायची नाहीस म्हणा. म्हणून लिहायला बसलेय.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. लोक विचारतात, कशी आहेस. मी म्हणते, बरी आहे. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतोय. अजून. टोरांटोच्या त्या सभागृहात तुझ्यासाठी आलेल्या माणसांना खुर्च्या पुरल्या नाहीत, माणसं भिंतीला टेकून उभी होती. ते इथून पडद्यावर पाहून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की माझ्या वेळी ऑफिसातून एक पुष्पगुच्छ येईल आणि त्यावर कंपनीचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं असेल. समोर तुझा फोटो, त्याला कुणीतरी हार घातलेला, आणि मी हा हिशेब करतेय. वीस वर्षांची सवय आहे गं, तीन आठवड्यांत कशी सुटेल?

आपण दोघी एकाच महिन्यात पुण्याहून इथे सिंगापूरला आलो. आंग मो किओच्या एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, नोकरीच्या एकाच पासावर. त्या पासाची अट आपल्याला तोंडपाठ होती. ज्या कंपनीनं बोलावलं तिचंच काम करायचं. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की बॅग भरायची. टॅम्पिनीसला एका चिनी मावशींच्या फ्लॅटमधली खोली आपण मिळून घेतली होती. फोडणी करायची नाही, ही त्यांची पहिली आणि शेवटची अट. तू एकदा त्या बाजाराला गेल्या असताना चोरून जिऱ्याची फोडणी केलीस आणि मग आपण दोघी टॉवेल हलवत वास खिडकीबाहेर घालवत बसलो. त्या दिवसाचा वरण-भात मला अजून आठवतो.

शनिवार आला की त्या खोलीत बसवायचं नाही. मग आपण चांगीच्या धक्क्यावर जायचो आणि लाकडी बोटीनं समोरच्या बेटावर, पुलाउ उबीनला. इथे त्या बोटीला बंबोट म्हणतात, आणि तिचा नियम मला पहिल्याच दिवशी आवडला. वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की बोट सुटते. दहा असली, अकरा असली, तर बाकावर बसून राहायचं. तू सायकलवाल्यांचे फोटो काढत बसायचीस. मला बसवत नसे. मी धक्क्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, 'उबीन? उबीन? वन मोर ओन्ली!' एकदा एका जोडप्याला मी इतकं गोड बोलले की ते नुसते समुद्र बघायला आले होते ते थेट बोटीत येऊन बसले. नावाडी मला म्हणाला, 'यू वर्क फॉर मी, लाह.'

उबीनची ती आजी मला सापडली. हे मी आयुष्यभर तुला ऐकवलं आणि आजही ऐकवणार आहे. तुझी सायकल पंक्चर झाली, मी पाणी शोधायला गेले, आणि एका पत्र्याच्या छपराच्या जुन्या घरापुढे ही म्हातारी शहाळी विकत बसलेली. मुलं शहरातल्या फ्लॅटमध्ये, तिला न्यायला दर महिन्याला येणारी. आणि ही दर महिन्याला त्यांना शहाळं पाजून परत पाठवणारी. मी परत येऊन तुला म्हटलं, 'स्वाते, सिनेमा सापडला.' तू म्हणालीस, 'कॅमेरा मी आणते.' बस, एवढ्यावर ठरलं. दिग्दर्शन तुझं, निर्मिती माझी. निर्मिती म्हणजे काय हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मला ते हळूहळू कळलं. आजी कॅमेरा पाहिला की घरात जाऊन बसायची. 'ड्रिंक फर्स्ट, टॉक लेटर,' एवढंच तिचं इंग्रजी. मग मी तीन शनिवार नुसती तिच्याशेजारी बसले, शहाळी उचलून दिली, गिऱ्हाइकांना सुटे दिले. चौथ्या शनिवारी ती स्वतःच म्हणाली की उद्या सकाळी कोंबड्या सोडताना या. ऑफिसातल्या दोन पोरांना तू माइक धरायला आणलं होतंस, ती उन्हात चिडचिडायला लागली, तर मी डब्यातून पोळी-भाजीचे रोल काढले. तू घड्याळ दाखवत होतीस. मी म्हटलं, 'आधी सगळ्यांना खायला घाल. उपाशी माणसाला कॅमेऱ्याचा राग येतो.' तू हसलीस. आणि एकदा, धक्क्यावर अकरा जण होऊन बोट अडली होती तेव्हा, मी उगाच ऐटीत म्हटलं, 'निर्माता म्हणजे बारावा माणूस. तो आला नाही तर बाकीचे अकरा नुसते बसून राहतात.' ते वाक्य तू वहीत लिहून घेतलंस. मला वाटलं, थट्टेनं.

बारा मिनिटांचा तो सिनेमा झाला. बारा शनिवार-रविवार लागले. आणि मग परदेशातल्या एका छोट्या महोत्सवानं तो घेतला, आणि फॉर्म आला. दिग्दर्शकाचं नाव, निर्मात्याचं नाव.

तिथे मी शेपूट घातलं. आपल्या मजल्यावरच्या एकाचा पास त्याच महिन्यात पुढे वाढवून मिळाला नव्हता, का ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कँटीनमध्ये रोज नवी अफवा होती. माझा पीआरचा, इथे कायम राहण्याचा, अर्ज आत होता. अमोलशी लग्न ठरलेलं, तो माझ्या भरवशावर इकडे येणार होता. मी तुला म्हटलं, 'माझं नाव काढ.' हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या गाळ्यांत, समोर कोपीचे दोन कप होते. तू म्हणालीस, 'हौसेचं काम आहे गं, पगार कुठे घेतोय?' मी म्हटलं, 'ते तू पासवाल्यांना समजावून सांग.' तू म्हणालीस, 'फॉर्मला दोन नावं लागतात.'

ते दुसरं नाव मीच सुचवलं, हे विसरू नकोस. आपल्याकडे गावावरून आडनाव पडतं. इंदापूरचा इंदापूरकर, मग उबीनचा उबीनकर. तू म्हणालीस, 'पहिलं नाव?' मी म्हटलं, 'घाल काहीही.' तू एम. घातलंस. माधव, मनोहर, लोकांना काय वाटायचं ते वाटू दे म्हणालीस. आपण त्या अख्ख्या संध्याकाळी उबीनकरांचं चरित्र रचत बसलो. धोतर नेसतात, पण बूट घालतात. मिशा आहेत. कॉफीला कोपी म्हटलेलं त्यांना खपत नाही.

तुला काही झालं नाही. हे मी तुझ्या हयातीत एकदाही तोंडातून काढलं नाही, आज काढते. ज्या पासावर मी होते त्याच पासावर तू होतीस. तू तुझं नाव लावलंस, ते छापून आलं, आपल्या साहेबानं जेवणाच्या सुट्टीत तुझं अभिनंदनसुद्धा केलं. मला कुणी विचारलंही नाही. माझा पीआरचा अर्ज पुढे नामंजूर झाला, त्याचा सिनेमाशी सुतराम संबंध नव्हता.

दोन वर्षांनी तू कॅनडाला गेलीस. मला वाटलं होतं तू तिकडे दिग्दर्शक होशील आणि आपटशील. माफ कर, पण वाटलं होतं. तू एका निर्मिती कंपनीत फोन उचलायला लागलीस. मग सामान पोचवायला. मग त्या मालिकांवर, जिथे टोरांटोच्या रस्त्याला न्यूयॉर्क करतात. पिवळ्या टॅक्सी आणतात, पाट्या बदलतात, अमेरिकेचे झेंडे लावतात. 'आमच्या शहराला कायम दुसऱ्याचं नाव लावून पडद्यावर जावं लागतं,' असं तू फोनवर म्हणाली होतीस. मला वाटलं टोमणा मला आहे. तू बहुतेक फक्त शहराबद्दल बोलत होतीस.

आणि मग तो फोन. 'मेघने, इथे दिग्दर्शक पोत्यानं मिळतात. बोट भरणारं माणूस मिळत नाही. मी तुझं काम करायला लागलेय.' तू किती आनंदात होतीस. मी 'कर की' म्हटलं आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. माझं काम! तू दिग्दर्शन केलं असतंस तर मी तुझं मनापासून कौतुक केलं असतं, शपथेवर सांगते. पण तू माझ्या जागेवर जाऊन बसलीस, आणि ती जागा मी स्वतः उठून रिकामी केली होती, म्हणून भांडताही येईना.

स्वतंत्र निर्माता म्हणजे काय ते मला तुझ्या फोनांतून कळत गेलं. कुणी पगार देत नाही, कुणी बोलावत नाही. एक गोष्ट घेऊन चार-पाच वर्षं दारोदार फिरायचं. सरकारी मदतीचे अर्ज भरायचे, नाकारले की नव्यानं भरायचे. सिनेमा कॅनडाचाच आहे हे पटवायला लेखक कुठला नागरिक, दिग्दर्शक कुठला, नट कुठला, यांचे गुण मोजून द्यायचे. मध्येच पोट भरायला पुन्हा न्यूयॉर्कवाल्या मालिकेवर जायचं. आणि एवढं करून सिनेमा लागला की एका आठवड्यात उतरणार. तुझा पहिला मोठा सिनेमा ट्रक चालवणाऱ्याच्या बायकोवरचा, दुसरा गोठलेल्या तळ्यावर मासे पकडणाऱ्या दोन बहिणींचा. त्या दुसऱ्याच्या वेळी विनिपेगच्या थंडीत सगळ्यांसाठी गरम तंबू मिळेना म्हणून तू गावातल्या चर्चच्या बायकांना गाठलंस आणि त्यांनी रोज सूप करून आणलं. तू फोटो पाठवलास. ओठ फुटलेले, नाक लाल, भुवयांवर बर्फ. कुणी म्हणेल, बिचारी. मी एसीत बसून, जेवण झाल्यावर, त्या फुटलेल्या ओठांचा हेवा केला. एकदा तुझ्या सिनेमावर कुणीतरी वाईट लिहिलं, ते मी दोनदा वाचलं, आणि त्या दिवशी मला कारल्याची भाजीसुद्धा गोड लागली. आता सांगून टाकते सगळं.

तू बोलावलंसही होतंस. 'ये इकडे. दोघींची कंपनी काढू. नाव मोठ्या अक्षरात लावू.' माझी ईरा तेव्हा दोन वर्षांची होती. अमोलची नोकरी नुकती लागलेली. मी तीच कारणं सांगितली आणि ती खरीही होती. कारण खरं असलं की ते फार सोयीचं पडतं. तू म्हणालीस, 'बघ, सांग.' मी बघितलं नाही आणि सांगितलंही नाही. अजून मी त्याच इमारतीत आहे, सप्लायरकडून आलेल्या मालातले दोष शोधते. त्यात मात्र माझा हात कुणी धरणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तू तिसरा सिनेमा घेऊन इथे आलीस. लहानसं थिएटर, अर्ध्याहून जास्त भरलेलं. मी मागच्या रांगेत कडेची खुर्ची धरली होती. सिनेमा चांगला होता, स्वाते. खूपच चांगला होता, आणि मी तुला ते सांगितलं नाही. पडदा काळा झाला, नावांच्या पाट्या सुरू व्हायच्या होत्या, आणि मला ठाऊक होतं की आता तुझं नाव येणार. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. तुझा एकही सिनेमा मी पाट्यांपर्यंत पाहिला नव्हता. घरी लॅपटॉपवरही त्याच्या आधी बंद करायची. जाताना दाराशी तू उभी होतीस, पुढे प्रश्नोत्तरांसाठी जायचं म्हणून. मी तुला मनगटावरचं घड्याळ दाखवलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण टॅम्पिनीसच्या त्याच हॉकर सेंटरमध्ये बसलो. तू कोपी ढवळत बसलीस, साखर कधीच विरघळली होती.

'थोडं थांबायचं ना काल,' तू म्हणालीस.

'ईराची ट्यूशन होती.'

'तीन मिनिटं गं.'

'तुझी माणसं होती की टाळ्या वाजवायला. मी एक नसले तर काय अडलं?'

'मेघने, निर्माता म्हणजे कोण, तूच मला...'

'मला शिकवू नकोस आता,' मी म्हटलं. जरा मोठ्यानंच. शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघायला लागले. तू मग विषय बदललास, काया टोस्ट मागवलास, ईराच्या शाळेचं विचारलंस. मी तुला एमआरटीच्या स्टेशनापर्यंत सोडायला आले. तू फाटकातून आत गेलीस आणि मागे वळून हात केलास. मी फोन बघत असल्याचं नाटक केलं. ते आपलं शेवटचं.

तुझ्या शोकसभेचा व्हिडिओ कॉल इथल्या सकाळी सातला होता. मी आणि ईरा चहा-बिस्किटं घेऊन बसलो. ईरा पंधराची झाली, तुला आठवतेय तशी बारीक राहिली नाही. तुझा नवरा डॅनियल आधी बोलला, मग ध्वनिमुद्रणवाली एक बाई उभी राहिली. विनिपेगच्या थंडीचं सांगत होती. म्हणाली, स्वाती सेटवर पहिल्यांदा सूप वाटायची आणि म्हणायची, उबीनकर म्हणायचे, आधी सगळ्यांना खायला घाला, उपाशी माणसाला कॅमेऱ्याचा राग येतो. सभागृह हसलं. मान हलवून हसलं, सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं असावं तसं.

माझं बिस्किट चहात पडलं.

मग तुझ्या हाताखाली तयार झालेला एक निर्माता बोलला. त्यानं बारावा माणूस सांगितला. बोट, धक्का, अकरा जण, सगळं. 'मिस्टर उबीनकर' हा त्याचा उच्चार अगदी आदराचा होता. तिथे सगळ्यांची समजूत अशी, की हे कुणी सिंगापूरचे वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी तुला या धंद्याची दीक्षा दिली. कुणी म्हणालं, त्यांना मिशा होत्या म्हणे.

ईरानं माझ्याकडे पाहिलं. 'मम्मा, दॅट्स युअर लाइन व्हॉट. यू ऑल्वेज से दॅट. फीड पीपल फर्स्ट.'

'कुणी म्हातारा असेल,' मी म्हटलं. 'म्हातारी माणसं असंच बोलतात.'

'सो वियर्ड,' ती म्हणाली.

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. माझी वाक्यं! मी धक्क्यावर उन्हात उभं राहून बोललेली वाक्यं, आणि त्यावर मान डोलवून घेतोय कोण, तर धोतर आणि बूट घातलेला एक न जन्मलेला म्हातारा. इतकी वर्षं मी तुझा हेवा करत होते. त्या सकाळी मला उबीनकरांचा हेवा वाटायला लागला. तुझा हेवा करताना निदान समोर माणूस तरी होतं.

चार दिवसांनी डॅनियलची मेल आली. दोन महिन्यांनी तिथल्या एका थिएटरात तुझे तिन्ही सिनेमे एकाच दिवशी दाखवणार आहेत, त्या दिवशी उबीनकरांनी बोलावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. 'स्वाती त्यांच्याबद्दल विचारलं की फक्त हसायची. ती म्हणायची, मेघनाला माहीत आहे. ते हयात आहेत का? तुम्ही त्यांना शोधू शकाल का?'

मी ती मेल जेवणाच्या सुट्टीत वाचली, आणि तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. कळवण्यास वाईट वाटतं, उबीनकर काही वर्षांपूर्वी वारले. आणि पाठवायच्या आधी आणखी एक शब्द घातला: शांतपणे.

हीच ती थाप. मारून टाकलं मी त्यांना. आणि खोटं कशाला बोलू, पाठवल्यावर बरं वाटलं. वाफ्यातलं तण उपटल्यावर वाटतं तसं. दुपारच्या मीटिंगमध्ये मी दोन सप्लायरना सरळ केलं.

डॅनियलचं उत्तर दुसऱ्याच सकाळी आलं. त्याला फार वाईट वाटलं होतं. त्यानं सगळ्यांना कळवलं होतं, ती ध्वनिमुद्रणवाली बाई रडली म्हणे. आता त्या दिवशी शेवटी पडद्यावर दोन नावं एकत्र दाखवायचं ठरलं आहे, पाटी करून सोबत जोडली आहे, मजकूर बरोबर आहे का बघा. मी पाटी उघडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात तुझं नाव. त्याखाली: एम. उबीनकर. त्याखाली: यांच्या स्मरणार्थ.

बघत बसले. तुझ्या नावाच्या शेजारी माझं नाव यावं म्हणून मी वीस वर्षं जळत होते ना? आलं. दोघी मेल्यावर.

मेलच्या शेवटी त्यानं एक ओळ लिहिली होती. 'तिसऱ्या सिनेमाची अर्पणपत्रिका तुम्ही सिंगापूरला पाहिलीच असेल. ती तुम्हाला दाखवायला स्वाती किती उतावीळ झाली होती, आठवतं?'

मी सुट्टी टाकून घरी आले. ईरा शाळेतून आली होती, नूडल्स खात होती. तिचा लॅपटॉप घेतला आणि तुझा पहिला सिनेमा लावला, शेवट गाठला, आणि पहिल्यांदाच पाट्या चालू ठेवल्या. तुझं नाव आलं. काही झालं नाही मला, सोसलं. मग नटांची, लाइटवाल्यांची, ड्रायव्हरांची, जेवण रांधणाऱ्यांची नावं. तुमच्या गुण मोजायच्या नियमात माझ्यासारख्या परकीला मोठी जागा देता येत नाही हे तू मला एकदा समजावलं होतंस. आभाराला मात्र नागरिकत्व विचारत नाहीत. आभारांच्या यादीत सर्वांत वर: एम. उबीनकर. दुसऱ्या सिनेमात तळ्यावरच्या गावाचे आभार आहेत, चर्चच्या बायकांचे आहेत, आणि त्यांच्याही वर एम. उबीनकर.

तिसरा लावला. ज्यातून मी पर्स उचलून बाहेर पडले होते तो. पडदा काळा झाला, आणि तुझं नाव आलंच नाही. मी ज्याला भिऊन पळाले ते नाव तिथे नव्हतंच. त्याच्या आधी, कुठल्याच नावाच्या आधी, एक पाटी आली आणि तेवढी एकटीच पडद्यावर थांबून राहिली.

'एम. उबीनकर यांना. आम्ही अकरा जण आलो आहोत.'

स्वाते, तू माझी वाक्यं चोरली नव्हतीस. तू माझी जागा धरून ठेवली होतीस. रुमाल टाकून ठेवतात तसं, एक म्हातारा टाकून. माझं खरं नाव मी लावू दिलं नाही, म्हणून मीच दिलेलं खोटं नाव तू तीन सिनेमांवर वागवलंस, त्याला मिशा लावल्यास, माणसांना त्याच्या पाया पडायला लावलंस, आणि माझ्या गुपिताला धक्का लागू दिला नाहीस. त्या दिवशी दाराशी तू प्रश्नोत्तरांसाठी उभी नव्हतीस, माझा चेहरा बघायला उभी होतीस. मी तुला घड्याळ दाखवलं.

मी रडले. ईरानं नूडल्स बाजूला ठेवल्या.

'मम्मा, एम. इज फॉर मेघना, इज इट?'

'हो.'

'देन व्हाय यू सेड सम ओल्ड मॅन?'

मी तिला सगळं सांगितलं. पास, अर्ज, कोपीचे दोन कप, धोतर आणि बूट. ती फार मोठी झाल्यासारखी ऐकत होती. मग म्हणाली, 'बट नाऊ दे थिंक यू डेड. यू बेटर टेल देम, लाह.'

किती सोपं आहे तिला. तिला हे कसं सांगू, की उबीनकर मी आहे असं म्हटलं की माझ्याजवळ काहीच उरत नाही? मला संधी मिळाली नाही, माझ्या पासानं मला अडवलं, तुझं नशीब जोरावर होतं, यावर मी वीस वर्षं काढली. त्यात एक ऊब होती. तू बोट अडवून बसली होतीस आणि मी धक्क्यावर पाठ करून उभी होते, हे मान्य केलं तर मग हेवा कशाचा करायचा?

आणि तरी मी तो करतेय, बघ. आत्ता, हे लिहितानासुद्धा. तुला एक मैत्रीण अशी होती जिच्यासाठी एवढं करावंसं तुला वाटलं. मला कुणासाठी असं कधी वाटलं नाही. हा हेवा मात्र मला ठेवायचा आहे.

राग एकाच गोष्टीचा आहे. मी शेवटपर्यंत थांबले नाही म्हणून तू मला बोललीस, आणि आता मी थांबायला बसले तर तू उठून गेलीस. सिनेमा चांगला होता हे मी तुला कधी सांगायचं?

उबीनला जाऊन आले परवा. आजी आता नाही, घर आहे, कुलूप आहे. धक्क्यावर परतीला नऊ जण होते. मी बाकावर बसले नाही. तोंडाशी जाऊन उभी राहिले आणि विचारायला लागले, 'चांगी? चांगी? थ्री मोर ओन्ली!' आवाज अजून पोचतो माझा.

आज सकाळी डॅनियलला लिहिलं. ईरा खुर्चीच्या मागे उभी होती, पाठवेपर्यंत हलली नाही. लिहिलं की आधीची बातमी खोटी होती आणि ती मीच दिली होती. उबीनकर वारलेले नाहीत. त्यांना मिशाही नाहीत. टॅम्पिनीसला राहतात, त्यांचं नाव मेघना आहे, आणि त्या दिवशी बोलायला त्या टोरांटोला येत आहेत. ती पाटी बदला. स्मरणार्थ फक्त स्वातीचं नाव ठेवा.

बारा झाले, स्वाते. सोड आता बोट.